ढळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया

डोळ्याच्या पापणीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. जागेपणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा ती मिटते व उघडते. परंतु हे काम इतक्या मुकाट्याने चालते की, ते चालू असल्याचे भानही आपणांस नसते. एखाद्या तान्ह्या मुलाची एक पापणी दुसरीपेक्षा खाली आलेली दिसली, म्हणजे मात्र घरात चर्चा सुरू होते. आजी म्हणते, "मूल झोपाळू आहे, मोठे झाले की उघडेल डोळा." डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचे नाव काढले, तर वडीलधारी माणसे विचारतात, "जरा बरे दिसावे एवढ्यासाठी इतक्याशा जिवाच्या डोळ्याजवळ सुरी कशाला न्यावयाची?"

प्रश्न मायेपोटी आलेला असतो. पण त्यामागील समजूत चुकीची असते. ढळलेली पापणी ही केवळ चेहऱ्याच्या दिसण्याची बाब आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः लहान मुलाच्या बाबतीत डोळ्याला दिसण्याचाच प्रश्न पुष्कळदा तीत गुंतलेला असतो. शस्त्रक्रिया करावयाची की नाही, केव्हा करावयाची आणि कोणत्या पद्धतीची करावयाची, या तिन्ही गोष्टींचा निर्णय त्यावरच अवलंबून राहतो.

या विकारास पाश्चात्त्य वैद्यकात 'टोसिस' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पडणे' असा आहे. संस्कृतात पापणीला 'वर्त्म' असा शब्द असल्यामुळे आपण त्यास 'वर्त्मपात' म्हणू. पापणीच्या रोगांचा विचार आपल्याकडे फार प्राचीन काळापासून झालेला आहे. सुश्रुतसंहितेत डोळ्यांचे ७६ रोग सांगितले असून त्यांपैकी २१ केवळ पापण्यांचे आहेत. निश्चेष्ट झालेल्या पापणीस तेथे 'वातहतवर्त्म' असे नाव दिले आहे. पापणी हलविणारी यंत्रणा नेमकी कशी असते, हे कळण्यास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

पापणी उघडते कशी?

वरची पापणी म्हणजे नुसती कातडीची घडी नव्हे. तिच्या आत घट्ट तंतूंची एक चिवट पट्टी असते. तिला वर्त्मपट्टिका म्हणतात. मधोमध तिची उंची सुमारे १० मिलिमीटर भरते. चिकाच्या पडद्याच्या खालच्या कडेस बांबूची पट्टी असते, म्हणून तो न चुरगळता सरळ वर जातो. तेच काम पापणीत ही पट्टिका करते.

या पट्टिकेस वर ओढणारा प्रमुख स्नायू तो उन्नायक स्नायू. डोळ्याच्या खोबणीच्या अगदी मागील टोकाशी त्याचा उगम असतो. तेथून तो नेत्रगोलाच्या माथ्यावरून सरळ पुढे येतो. त्याच्या मांसल भागाची लांबी सुमारे ४ सेंटिमीटर असते. पापणीच्या वरच्या अंगास तंतूंचा एक आडवा बंध असतो. विहिरीच्या रहाटावरून दोर जसा दिशा बदलून खाली उतरतो, तसा हा स्नायू त्या बंधापाशी वळतो आणि एका पातळ, पसरट कंडरेच्या रूपाने पापणीत उतरून पट्टिकेला चिकटतो. या कंडरेचे काही धागे कातडीपर्यंत पोचतात. डोळा उघडताच पापणीवर जी रेखीव घडी पडते, ती या धाग्यांच्या ओढीमुळेच.

उन्नायक स्नायूच्या पोटाशी आणखी एक लहानसा स्नायू असतो. हाइनरिख म्यूलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. तो आपल्या इच्छेच्या अधीन नसतो. भीती वाटली किंवा उत्तेजना झाली म्हणजे डोळे विस्फारतात, त्यात याचा वाटा असतो. पापणी उचलण्यातील त्याचा भाग सुमारे २ मिलिमीटरांचा आहे. तिसरा मदतनीस कपाळाचा स्नायू होय. भुवई वर चढविली की तिच्याबरोबर पापणीही थोडीशी उचलली जाते.

पापणी मिटण्याचे काम याहून निराळ्या स्नायूकडे असते. डोळ्याभोवती कड्यासारखा पसरलेला हा वर्तुळ स्नायू आणि त्याला चालना देणारा मज्जातंतूही वेगळा. उन्नायक स्नायू मेंदूतून निघणाऱ्या तिसऱ्या मज्जातंतूच्या, तर वर्तुळ स्नायू सातव्या मज्जातंतूच्या आज्ञेत असतो. उघडणे आणि मिटणे या दोन क्रियांची ही विभागणी वाचकांनी ध्यानात ठेवावी. शस्त्रक्रियेचा विचार करताना ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

पापणी ढळते का?

जन्मतःच ढळलेल्या पापणीत बहुधा दोष उन्नायक स्नायूच्या घडणीतच असतो. गर्भावस्थेत त्याची नीट वाढ होत नाही; मांसतंतूंच्या जागी चरबी व चिवट तंतू राहून जातात. असा स्नायू पुरेसा आकुंचन पावत नाही, म्हणून पापणी वर जात नाही. तो पुरेसा सैलही होत नाही. त्यामुळे मूल खाली पाहू लागले म्हणजे ढळलेली पापणी निरोगी पापणीच्या मानाने वरच अडकून राहते. समोर पाहताना जी खाली, तीच खाली पाहताना वर, अशी ही गंमतीची विसंगती जन्मजात वर्त्मपाताची चांगली खूण आहे. बहुसंख्य मुलांत हा दोष एकाच बाजूस असतो.

जन्मजात प्रकारांत आणखी एक चमत्कारिक प्रकार आढळतो. रॉबर्ट मार्कस गन या नेत्रवैद्याने १८८३ साली एका पंधरा वर्षांच्या मुलीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिची ढळलेली पापणी जबडा हलविताच टुणकन वर उडत असे. जबड्याच्या स्नायूंकडे जावयाचे काही मज्जातंतू चुकून उन्नायक स्नायूकडे गेल्यामुळे असे घडते. तान्हे मूल दूध पिऊ लागले की, त्याची पापणी त्या तालावर वरखाली होताना प्रथम आईच्याच दृष्टीस पडते.

उतारवयातील वर्त्मपाताचे कारण अगदी निराळे असते. येथे स्नायू शाबूत असतो, पण त्याची पातळ कंडरा वर्षानुवर्षांच्या वापराने ताणली जाते किंवा पट्टिकेपासून सुटते. दोर ढिला झाला की चांगला बैलही मोट ओढू शकत नाही, तशी ही अवस्था. पापणीवरची घडी अशा वेळी नेहमीपेक्षा वर सरकलेली दिसते. अनेक वर्षे कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत, तसेच डोळ्याच्या अन्य शस्त्रक्रियेनंतरही कधी कधी असे होते.

याशिवाय पापणीवरील गाठ, सूज वा व्रण यांच्या भारानेही पापणी खाली येते. आपल्या देशात पूर्वी घरोघर आढळणाऱ्या खुपऱ्यांच्या रोगानेही पापण्या जड होऊन ढळत. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्यांचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले, ही समाधानाची गोष्ट आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी निदान

ढळलेली पापणी दिसली की ती शस्त्राने उचलावी, असा नियम नाही. काही वेळा पापणी हे केवळ सूचनाफलकाचे काम करते. रोग दुसरीकडेच असतो.

मोठ्या माणसाची पापणी एकाएकी ढळली, त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली आणि जोडीला तीव्र डोकेदुखी असली, तर मेंदूतील रक्तवाहिनीवर आलेला फुगा तिसऱ्या मज्जातंतूस दाबत असण्याचा संभव असतो. तो फुटल्यास प्राणावर बेतते; म्हणून अशा रोग्यास एका तासाचाही विलंब न लावता मोठ्या रुग्णालयात नेले पाहिजे. याउलट, पापणी थोडीशीच ढळलेली असून बाहुली लहान झालेली असल्यास म्यूलरच्या स्नायूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या मार्गात मानेत किंवा छातीत कोठे अडथळा आहे काय, हे शोधावे लागते. योहान हॉर्नर या स्विस नेत्रवैद्याने १८६९ साली या लक्षणसमूहाचे वर्णन केले.

सकाळी ठीक असलेली पापणी संध्याकाळपर्यंत ढळत जाते, विश्रांती घेतली की पुन्हा सावरते, असा अनुभव येत असल्यास 'मायस्थेनिया ग्रेव्हिस' या विकाराची शंका घेतात. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यावर हल्ला करते आणि मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पुरा पोचत नाही. मेरी वॉकर या डॉक्टरबाईंनी १९३४ साली लंडनजवळील ग्रिनिच येथे अशा एका रुग्णास फायसोस्टिग्मिन हे औषध टोचले; तेव्हा तिची ढळलेली पापणी काही तासांपुरती वर आली. आजही नेत्रवैद्य एक सोपी कसोटी वापरतात. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फाची पिशवी ठेवतात. थंडाव्याने पापणी २ मिलिमीटर किंवा अधिक वर आली, तर या विकाराची शंका बळावते. अशा रुग्णावर प्रथम औषधोपचार करावयाचे असतात.

भारतीय वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट आहे. नाग व मण्यार यांचे विष मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाही आणि त्याचे एक आरंभीचे लक्षण म्हणजे दोन्ही पापण्या जड होऊन मिटू लागणे. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते. दंशाची जागा फारशी दुखत नाही की सुजत नाही. पहाटे उठलेल्या माणसाच्या पापण्या उघडत नसतील, तर ती झोपेची गुंगी समजून त्यास पुन्हा निजू देणे प्राणघातक ठरते. भारतात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. यांपैकी किती घरांत पहिली सूचना पापणीने दिली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ती सूचना ओळखावी मात्र सर्वांनी.

झाकलेला डोळा आणि न शिकलेला मेंदू

आता जन्मजात वर्त्मपाताकडे वळू. मूल मोठे झाल्यावर शस्त्रक्रिया केली तर काय बिघडेल, या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने गेल्या शतकात एका प्रयोगमालेतून दिले.

डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टेन वीझेल हे दोन शास्त्रज्ञ अमेरिकेत बॉस्टन येथे दृष्टी आणि मेंदू यांच्या संबंधाचा अभ्यास करीत होते. त्यांनी मांजरीच्या नवजात पिलांची एक पापणी टाके घालून बंद केली आणि दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा उघडली. डोळा तपासला तेव्हा तो निर्दोष होता. प्रकाश पडला की बाहुली आकसत होती. तरीही ते पिलू त्या डोळ्याने आंधळ्यासारखेच वागत होते. मेंदूच्या दृष्टिविषयक भागातील पेशींची तपासणी केली असता असे आढळले की, एरवी ज्या पेशींनी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद द्यावयाचा, त्या जवळजवळ सर्व पेशी उघड्या राहिलेल्या डोळ्याच्याच झाल्या होत्या. प्रौढ मांजराची पापणी तितकाच काळ बंद ठेवली, तर मात्र असे काहीही झाले नाही. १९६३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि १९८१ साली या दोघांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

याचा अर्थ असा की, पाहणे ही क्रिया जन्मतः पुरी झालेली नसते. मेंदू ती शिकतो. या शिक्षणाचा काळ ठरलेला असतो. मनुष्याच्या बाबतीत आयुष्याची पहिली काही वर्षे, त्यातही पहिले महिने, सर्वांत मोलाचे असतात. त्या काळात एका डोळ्याकडून स्पष्ट प्रतिमा आली नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे पाठ फिरवितो. यालाच मंददृष्टी, किंवा बोलीभाषेत 'आळशी डोळा', असे म्हणतात. विसाव्या वर्षी त्या डोळ्याची पापणी कितीही सुबकपणे उचलली, तरी हरवलेली दृष्टी तीमुळे परत येत नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. वर्त्मपात असलेल्या प्रत्येक मुलाची बाहुली पूर्णपणे झाकलेली नसते. किंबहुना अशा मुलांत मंददृष्टीची कारणे बहुधा दुसरी असतात. ढळलेली पापणी असलेल्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा, गोलावा पुष्कळदा सर्व दिशांनी सारखा नसतो. चष्म्याच्या दुकानात ज्याला 'सिलिंडरचा नंबर' म्हणतात तो दोष त्यात उत्पन्न होतो. काही मुलांत तिरळेपणाही आढळतो. म्हणून पापणी अर्धीच ढळली आहे, असे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. बाहुलीत औषधाचे थेंब घालून चष्म्याचा नंबर तपासणे, जरूर तर चष्मा देणे आणि चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकून दुर्बळ डोळ्यास कामास लावणे, हा उपचार शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा असतो. शस्त्रक्रिया वाट मोकळी करते. चालण्याचा सराव डोळ्याकडून वेगळा करवून घ्यावा लागतो.

आईबापांनी एका गोष्टीचे निरीक्षण अवश्य करावे. दोन्ही पापण्या ढळलेले मूल हनुवटी उचलून, कपाळाला आठ्या घालून पाहते. ही ढब पाहून पुष्कळदा मुलास दटावले जाते. प्रत्यक्षात ती त्याची पाहण्याची धडपड असते आणि तो डोळा वापरात असल्याचा तो पुरावाही असतो. ज्या मुलाची एक पापणी बरीच खाली आहे आणि तरीही जे हनुवटी उचलीत नाही, त्याच्याविषयी अधिक काळजी वाटावयास हवी. त्याने त्या डोळ्याचा नाद सोडला असण्याचा संभव असतो.

आधी माप, मग शस्त्र

वर्त्मपाताच्या शस्त्रक्रियेचे यश सुरीपेक्षा मोजपट्टीवर अधिक अवलंबून असते, असे म्हणावयास हरकत नाही. समोर पाहताना पापणीची कड बाहुलीच्या मध्यापासून किती वर आहे, हे पहिले माप. निरोगी डोळ्यात ते ४ ते ५ मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंतील फरक सुमारे २ मिलिमीटर असल्यास वर्त्मपात सौम्य, ३ असल्यास मध्यम आणि ४ किंवा अधिक असल्यास तीव्र समजतात.

दुसरे माप याहून निर्णायक आहे. वाचकांस ते आरशासमोर स्वतःवर अजमावता येईल. भुवई अंगठ्याने हलकेच दाबून धरावी, म्हणजे कपाळाच्या स्नायूची मदत बंद होते. मग डोके न हलविता होता होईल तितके खाली पाहावे आणि नंतर तितकेच वर. या दोन टोकांमध्ये पापणीची कड जितके मिलिमीटर सरकते, तितकी उन्नायक स्नायूची शक्ती. निरोगी माणसात ती १२ ते १५ मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक भरते. ८ किंवा अधिक असल्यास ती चांगली, ५ ते ७ असल्यास मध्यम आणि ४ किंवा कमी असल्यास क्षीण समजली जाते. कोणती शस्त्रक्रिया करावयाची, हे मुख्यतः हा आकडा सांगतो.

तिसरी तपासणी डोळा मिटण्यासंबंधीची. चार्ल्स बेल या शास्त्रज्ञाने १८२३ साली असे दाखवून दिले की, आपण डोळे मिटतो तेव्हा पापणीआड नेत्रगोल वर फिरतो. त्यामुळे झोपेत पापणी किंचित उघडी राहिली, तरी पारपटल सुरक्षित राहते. ज्या रुग्णात असे होत नाही, ज्याचे अश्रू कमी आहेत किंवा ज्याच्या पारपटलाची संवेदना मंद आहे, त्याची पापणी फार उचलणे धोक्याचे ठरते.

शस्त्रक्रियेच्या वाटा

पापणी ढळली म्हणजे तिची कातडी जास्त झाली, अशी समजूत पूर्वी होती. म्हणून जुने शल्यवैद्य कातडीची एक चकती कापून कडा शिवून टाकीत. पापणी त्याने थोडी आखूड होई, पण उचलणारी शक्ती वाढत नसे आणि डोळा मिटणे मात्र अवघड होऊन बसे. एकोणिसाव्या शतकात लक्ष कातडीवरून स्नायूकडे गेले. जर्मनीतील एव्हर्सबुश याने १८८३ साली पापणीच्या कातडीतून आत शिरून उन्नायक स्नायू आखूड करण्याची रीत वर्णिली. पुढील सर्व प्रगती या विचारातून निघाली आहे.

स्नायूत जीव असेल, तर त्या स्नायूचाच उपयोग करावयाचा, हे आजचे पहिले सूत्र. पापणीच्या घडीच्या जागी छेद घेऊन शल्यविशारद उन्नायक स्नायू व त्याची कंडरा मोकळी करतो, ठरविलेल्या मापाइतका भाग कमी करतो आणि उरलेले टोक पट्टिकेस टाक्यांनी घट्ट जोडतो. स्नायूची शक्ती जितकी कमी, तितका अधिक भाग काढावा लागतो. उतारवयात कंडरा सुटलेली असेल, तर काही कापण्याची जरुरी बहुधा नसते. निसटलेले टोक शोधून ते पूर्वीच्या जागी बसविले की काम होते. प्रौढांवरील ही शस्त्रक्रिया जागेपुरती भूल देऊन करतात. टाके पक्के करण्यापूर्वी रुग्णास डोळे उघडावयास सांगतात, वेळप्रसंगी मेजावर उठवून बसवितात आणि दोन्ही पापण्या समपातळीत आल्या की नाही, हे पाहून गाठ मारतात. मुलांना पूर्ण भूल द्यावी लागत असल्याने ही सोय तेथे नसते. तेथे आधी घेतलेल्या मापांवरच भिस्त ठेवावी लागते.

वर्त्मपात सौम्य असून स्नायू चांगला असेल, तर दुसरी वाट मोकळी असते. पापणी उलटून आतल्या बाजूने म्यूलरचा स्नायू व त्यावरील अस्तर यांचा थोडा भाग काढतात. फासानेल्ला व सर्व्हात यांनी १९६१ साली, तर पुटरमन व उरिस्ट यांनी १९७५ साली अशा आतल्या बाजूच्या रीती मांडल्या. फेनिलएफ्रिन या औषधाचा थेंब डोळ्यात घातल्यावर पापणी तात्पुरती वर येते काय, हे पाहून या शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात. बाहेर कातडीवर व्रण राहत नाही, हा तिचा लाभ.

स्नायूची शक्ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असली, तर मात्र दुसऱ्याच्या खांद्यावर भार द्यावा लागतो. तो खांदा कपाळाच्या स्नायूचा. ढळलेली पापणी असलेले मूल भुवई उचलून पाहण्याचा यत्न करीतच असते. या उपजत युक्तीलाच शल्यविशारद पुरे रूप देतो. पापणी व भुवई यांवर अगदी बारीक छेद घेऊन कातडीखालून एक पट्टी ओवतात. तिचे एक अंग पापणीच्या पट्टिकेस व दुसरे भुवईवरील स्नायूस बांधले जाते. पाळणा जसा आढ्याला टांगलेला असतो, तशी पापणी कपाळाला टांगली जाते आणि भुवई उचलली की डोळा उघडतो.

ही पट्टी कशाची असावी, याबद्दल पुष्कळ प्रयोग झाले. रुग्णाच्याच मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूंवर पांढरे, चिवट आवरण असते; त्यास फॅशिया लाटा म्हणतात. त्याची अरुंद पट्टी काढून वापरण्याची रीत टोरांटो येथील जॉन क्रॉफर्ड यांनी १९५६ साली वर्णिली आणि ती आजही प्रमाण मानली जाते. ही पट्टी शरीराची स्वतःची असल्याने ती तेथे रुजते व टिकते. मात्र फार लहान मुलाच्या मांडीतून पुरेशी लांब पट्टी मिळत नाही. त्यासाठी बहुधा तीन-चार वर्षांचे वय व्हावे लागते. बाहुली झाकली गेल्यामुळे तितके थांबणे शक्य नसेल, तेव्हा सिलिकॉनची बारीक दोरी वापरतात. ती लवचीक असते, पुढे सैल वा घट्ट करता येते. तथापि काही वर्षांनी ती निसटण्याचा संभव असतो. मग पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पण तोपर्यंत डोळ्याला पाहावयास शिकण्याचा अवधी मिळालेला असतो, हे विसरता कामा नये.

उघडणे आणि मिटणे

कोणतीही शस्त्रक्रिया दुबळ्या स्नायूत नवी शक्ती भरू शकत नाही. ती पापणीची जागा बदलते. पापणी जितकी वर जाते, तितकी मिटताना कमी खाली येते. त्यामुळे जन्मजात वर्त्मपाताच्या शस्त्रक्रियेनंतर मूल झोपेत असता पापण्यांमध्ये थोडी फट राहणे अपेक्षितच असते. पहिल्यांदा हे पाहून आई घाबरते. पण पूर्वी सांगितल्याप्रमाणे नेत्रगोल वर फिरत असल्याने पारपटल बहुधा सुरक्षित राहते आणि काही महिन्यांत फट कमीही होते. तोवर रात्री मलम आणि दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब न चुकता घालावे लागतात. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईनासा झाला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पारपटल कोरडे पडून त्यावर व्रण झाला, तर जी दृष्टी वाचविण्यासाठी सारा खटाटोप केला, तीच धोक्यात येते.

दुसरी मर्यादा सारखेपणाची. खाली पाहताना शस्त्रक्रिया झालेली पापणी निरोगी पापणीबरोबर खाली येत नाही; समोर पाहताना मात्र दोन्ही सारख्या दिसू शकतात. कधी पापणी अपेक्षेपेक्षा कमी, तर कधी अधिक उचलली जाते आणि पुन्हा दुरुस्ती करावी लागते. आणखी एक अडचण एव्हाल्ट हेरिंग या शास्त्रज्ञाच्या नियमातून उद्भवते. दोन्ही उन्नायक स्नायूंना मेंदूकडून सारखाच हुकूम जातो. एक पापणी ढळली असेल, तर ती उचलण्यासाठी मेंदू दोघींनाही जास्त जोराचा हुकूम देत राहतो. ढळलेली पापणी शस्त्रक्रियेने वर येताच तो जोर ओसरतो आणि इतके दिवस ठीक दिसणारी दुसरी पापणी खाली येते. म्हणून अनुभवी शल्यविशारद एक पापणी हाताने उचलून धरून दुसरीचे काय होते, हे आधीच पाहून ठेवतो. दोन्हींत साम्य राहावे म्हणून कोणी निरोगी बाजूसही कपाळाला टांगण्याची शस्त्रक्रिया सुचवितात. कित्येक आईबापांना ते पटत नाही आणि शल्यविशारदांतही याबद्दल एकमत नाही.

उतारवयातील सौम्य वर्त्मपातासाठी आता औषधाचाही एक पर्याय निघाला आहे. म्यूलरच्या स्नायूस उत्तेजित करणाऱ्या ऑक्सिमेटाझोलिनच्या थेंबांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली प्रौढांसाठी मान्यता दिली. त्यांचा परिणाम काही तासांचा असतो आणि जन्मजात तीव्र वर्त्मपातावर तो उपाय नव्हे.

थांबावे केव्हा, थांबू नये केव्हा?

बाहुली उघडी आहे, दृष्टीची वाढ दोन्ही डोळ्यांत सारखी होत आहे आणि नेत्रवैद्य ठरावीक अंतराने तपासणी करीत आहे, अशा मुलाची शस्त्रक्रिया तीन ते पाच वर्षांच्या वयापर्यंत लांबविता येते. मूल तोवर सहकार्य करू लागते, मापे अचूक घेता येतात आणि मांडीतील पट्टीही मिळते. परंतु पापणीने बाहुली झाकली असेल, तर वय पाहावयाचे नसते. काही महिन्यांच्या बालकावरही शस्त्रक्रिया करावी लागते. यांतील कोणता प्रकार आपल्या मुलाचा आहे, हे घरी बसून ठरविता येत नाही. त्यासाठी पापणी ढळलेली लक्षात येताच, मूल तान्हे असले तरी, नेत्रवैद्याकडे जाणे हाच एक मार्ग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करण्याची योजना आहे. अंगणवाडीच्या बाईंनी, शाळेच्या गुरुजींनी आणि घरातील मंडळींनी या तपासणीच्या वेळी अशा मुलास आवर्जून पुढे आणावे.

आजीचे म्हणणे अगदीच निराधार आहे, असे नाही. काही मुलांच्या बाबतीत थांबणेच योग्य असते. पण ते थांबणे तपासणीनंतरचे असावे. मूल मोठे होण्याची वाट पाहण्यास घरातील माणसे तयार असतात. पाहावयास शिकणारा मेंदू मात्र तितके दिवस थांबत नाही.